पाय मोडलेला 'ब'

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही, पण आजचा विषय घरचाच आहे आणि घरचं लिहिताना हात जरा आखडतो. कराडची मंडळी हे वाचणार हे मला ठाऊक आहे. तर जावईबापू, राग मानू नका. परवा फोनवर तुमच्याशी धड बोलता आलं नाही म्हणून इथे लिहितोय. दादा फोनवर भांडतो आणि लिहिताना विचार करतो, असं तुमच्या सौभाग्यवतींचंच मत आहे.

विषय आहे आमच्या भाचेरावांचा. वय वर्षं नऊ, इयत्ता चौथी, माध्यम मराठी. गणितात हुशार, चित्रं फक्कड काढतो, नदीकाठच्या प्रत्येक पक्ष्याचं नाव सांगतो. इंग्रजीच्या वहीत मात्र लाल फुल्यांचा सडा. त्यामुळे आता घरात असं घाटतंय की जूनमध्ये पाचवीला त्याला इंग्रजी माध्यमात घालायचं. कारण काय, तर 'स्पेलिंगच येत नाही हो त्याला, पुढे कसं व्हायचं?'

माझं म्हणणं असं की दुखणं गुडघ्याचं आहे आणि आपण चष्म्याचा नंबर बदलतोय.

पण आधी कबुली. मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. यंदा गणपतीत घरात पंधरा-वीस माणसं असताना, आरती झाल्यावर, मीच त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे, एलिफंटचं स्पेलिंग सांग बरं." तो उभा राहिला. "ई... एल..." इथे गाडी अडली. कुणीतरी हसलं. मीही हसलो. तो मागच्या जिन्यात जाऊन बसला आणि मोदकाला हाक मारली तरी आला नाही. नऊ वर्षांचं पोर मोदक सोडून जिन्यात बसतं म्हणजे काय, हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं. कारण त्या जिन्यात मीही बसलेलो आहे.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. (पहिलीपासून ते २००० साली आलं.) आम्ही ते शिकलो कसं? सगळा वर्ग सुरात: सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर. आर ए टी रॅट, रॅट म्हणजे उंदीर. चाल उत्तम होती, अजून विसरलेलो नाही. पण एक गोष्ट तेव्हा कुणी सांगितली नाही आणि विचारायची आमची छाती नव्हती. सी, ए आणि टी हे शब्द एकापाठोपाठ कितीही भरभर म्हटले तरी 'सीएटी' होतं. त्याचं 'कॅट' कुठून येतं? मधे काहीतरी जादू होते आणि ती फक्त बाईंना आणि पहिल्या बाकावरच्या तिघांना माहीत आहे, असं मी दोन वर्षं समजत होतो. न आलेलं स्पेलिंग दहा वेळा लिहायची शिक्षा असे. मी दहाही वेळा वेगवेगळं लिहीत असे, ते सोडा.

आता गंमत बघा. ज्या पोराला बाराखडी येते त्याच्या हातात या जादूची किल्ली आधीच असते. 'क' या अक्षराचं नाव काय? क. त्याचा आवाज काय? क. आपल्याकडे नाव आणि आवाज एकच. इंग्रजीत मात्र अक्षराला एक नाव असतं आणि त्याचं काम निराळं असतं. 'डब्ल्यू' हे नाव ऐकून त्याचं काम 'व' आहे हे ब्रह्मदेवालाही ओळखता येणार नाही. आपण मुलांना नावं पाठ करायला लावतो आणि कामं सांगतच नाही. ऑफिसात नवीन आलेल्या माणसाला सगळ्यांची आडनावं सांगायची, पण कोण कॅशियर आणि कोण शिपाई हे सांगायचं नाही, त्यातला प्रकार.

अक्षरांची कामं शिकवण्याच्या पद्धतीला फोनिक्स म्हणतात. हल्ली गल्लोगल्ली पाट्या दिसतात, त्यामुळे हे काहीतरी कालपरवाचं फॅड आहे असं मलाही वाटायचं. तसं नाही. अमेरिकेत रुडॉल्फ फ्लेश नावाच्या माणसाने १९५५ साली एक खणखणीत पुस्तक लिहून विचारलं होतं की आपल्या पोरांना वाचता का येत नाही? उत्तरही त्यानेच दिलं: शब्दाचं चित्र पाठ करून घेता, अक्षरांचे आवाज शिकवत नाही, म्हणून. त्यावर तिकडे पन्नास वर्षं भांडणं झाली. २००० साली तिथल्या नॅशनल रीडिंग पॅनेलने उपलब्ध संशोधन चाळून आवाज पद्धतशीर शिकवण्याच्या बाजूने कौल दिला. इंग्लंडात २००६ च्या रोज अहवालानंतर शाळा त्याच वाटेने गेल्या आणि २०१२ पासून तिथे पहिल्या इयत्तेतल्या मुलांची एक छोटी परीक्षा होते. चाळीस शब्द वाचायचे. त्यातले वीस चक्क खोटे, भाषेत नसलेले! खोटे अशासाठी की पाठांतराचा उपयोग होऊ नये. त्या शब्दांशेजारी एकेका काल्पनिक प्राण्याचं चित्र असतं, म्हणजे पोरांना वाटावं की हे त्या प्राण्याचं नाव आहे.

हे सगळं वाचून मी दिवाळीच्या सुट्टीत भाचेरावांना पुण्याला घेऊन आलो. गणपतीतलं कर्ज डोक्यावर होतंच.

पहिल्या दिवशी वही काढलीच नाही. त्याला म्हटलं, 'ब' म्हण. म्हणाला. म्हटलं, आता त्याचा पाय मोड. तो हसायला लागला, पण ब् बरोबर म्हणाला, तोंडातल्या तोंडात, मागे 'अ' न लावता. तिकडे फोनिक्स शिकवणाऱ्या शिक्षकांना ही एक गोष्ट पालकांना समजावता समजावता नाकी नऊ येतात: आवाज सुटा काढा, त्याला शेपूट लावू नका. शेपूट लावलं की ब, ल, ॲ, क मिळून 'बलॅक' होतं. त्यांच्याकडे शेपूट कापायचं चिन्हच नाही. आपल्याकडे आहे आणि ते पहिली-दुसरीतल्या पोराला येतं! पाय मोडलेला ब्, पाय मोडलेला ल्, मग ॲ, मग पाय मोडलेला क्. ब्लॅक. जोडाक्षरं लिहिणाऱ्या पोराला यात काय अवघड? हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी आवाज तोंडात कुठे तयार होतो ते बघून क-वर्ग घशात, च-वर्ग टाळूवर, प-वर्ग ओठांवर असं सगळं लावून ठेवलं, आणि आपण इंग्रजीच्या तासाला ते गाठोडं वर्गाबाहेर ठेवतो.

मग सहा अक्षरं घेतली. एस, ए, टी, पी, आय, एन. इंग्लंडातल्या शाळांतही साधारण याच सहांपासून सुरुवात करतात, कारण एवढ्यातच ढीगभर शब्द होतात. मी फक्त आवाज सांगितले. पठ्ठ्याने पहिल्या तासाभरात पिन, टिन, टॅप, नॅप, सिट, स्पिन, स्नॅप असे शब्द स्वतः जुळवून वाचले. 'स्नॅप' वाचल्यावर तो थांबला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मामा, हा मला कुणी शिकवला नव्हता." मी काही बोललो नाही. चहा टाकायला उठलो.

तिसऱ्या दिवशी पाच स्वर झाले आणि त्याने स्वतःच वहीत लिहिलं: बॅट, बेट, बिट, बॉट, बट. खाली पॅट, पेट, पिट, पॉट, पट. मग म्हणतो, "ही तर पाचखडी आहे!" बाराखडीच्या धर्तीवर पाचखडी. हा शब्द त्याचा, माझा नव्हे. खोट्या शब्दांचा खेळ तर इतका रंगला की नॅब, विप, झॉग अशा नावांचे राक्षस काढून त्याने भिंतीवर चिकटवले. आमच्या सौ.ने रंग नुकताच दिलाय या मुद्द्यावर आक्षेप नोंदवला, पण झॉग अजून भिंतीवर आहे.

सगळंच सोपं गेलं असं मात्र नाही. इंग्रजीत आवाज साधारण ४४ आणि अक्षरं २६, म्हणजे एकेका अक्षराला दोन-दोन पाळ्या कराव्या लागतात. 'व' दोन आहेत हे त्याला ऐकूच येईना. व्हॅनचा वेगळा आणि विंडोचा वेगळा. शेवटी बेसिनच्या आरशासमोर उभं केलं. एकात वरचे दात खालच्या ओठाला लागतात, दुसऱ्यात ओठांचा चंबू होतो. दिसल्यावर ऐकू आलं. मुका 'ई' मात्र त्याला भलताच आवडला. टॅपच्या शेवटी ई लावला की टेप, पिनला लावला की पाइन, कटला लावला की क्यूट. स्वतः गप्प बसतो आणि मागच्याला बोलतं करतो. "आजोबांसारखा," भाचेराव म्हणाले. (कराडकर, कुठल्या आजोबांसारखा ते त्यालाच विचारा.)

आता मुख्य भानगड. सुट्टी संपली, पोरगा घरी गेला. आठवड्याने जावईबापूंचा फोन. "दादा, रागावू नका, पण त्याचं स्पेलिंग आणखी बिघडलंय. आज 'स्कूल' एस-के-यू-एल लिहून आलाय. आधी निदान जवळपास तरी लिहायचा."

मी वहीच्या पानाचा फोटो मागवला. आधीच्या पानावर, दिवाळीपूर्वी, त्याने स्कूल लिहिलं होतं एस-सी-ओ-एच-ओ-एल. त्यालाही लाल फुली, यालाही लाल फुली. दोघांना गुण सारखेच, शून्य.

पण जावईबापू, हे दोन शून्य एक नाहीत हो! पहिल्यात अक्षरं सगळी बरोबर आहेत, क्रम चुकलाय. म्हणजे त्याने शब्द ऐकलाच नव्हता, सहा अक्षरांचा टेलिफोन नंबर पाठ केला होता आणि दोन आकडे इकडचे तिकडे झाले. असं लिहिलेलं त्याचं त्यालाही वाचता आलं नसतं. दुसऱ्यात त्याने शब्द ऐकला, त्याचे स्, क्, ऊ, ल् असे चार तुकडे केले, ते बरोबर क्रमाने मांडले आणि प्रत्येकाला चालण्यासारखं अक्षर दिलं. त्याला फक्त एवढंच माहीत नाही की या शब्दात क चा आवाज सी-एच काढतात आणि ऊ चा आवाज ओ-ओ. ते सांगता येतं. दोन मिनिटांत. पहिल्या चुकीला काय सांगणार? 'नीट पाठ कर' यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही, आणि आपण चार वर्षं तेवढंच सांगत आलोय.

अमेरिकेत चार्ल्स रीड नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने १९७१ साली शाळेत न गेलेल्या मुलांचं असं मनानं केलेलं स्पेलिंग तपासलं होतं. तिथली चिमुरडी 'ट्रेन'ची सुरुवात सी-एच-आर ने करत. त्याने बारकाईने ऐकलं तेव्हा लक्षात आलं की मोठी माणसंही तो आवाज 'च'च्या जवळ नेऊनच काढतात, पण त्यांना स्पेलिंग माहीत असल्यामुळे तो ऐकू येत नाही. पोरांचे कान बरोबर होते. आपल्या पोराचेही आहेत.

'पण मग इंग्रजी लिहितात तसं बोलत का नाहीत?' हा प्रश्न भाचेरावांनीही विचारला. त्याला मी जे सांगितलं ते थोडक्यात असं: एकेकाळी बरंचसं बोलायचे. 'नेम' या शब्दाचा उच्चार सहाशे वर्षांपूर्वी आपल्या 'नाम'च्या जवळचा होता, शेवटच्या ई सकट. नाइट म्हणजे सरदार, त्यातला आता मुका झालेला के तेव्हा बोलला जाई. मग कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, स्पेलिंगं हळूहळू शिशात गोठत गेली, आणि साधारण त्याच दोन-तीनशे वर्षांत लोकांच्या तोंडातले दीर्घ स्वर सरकले. त्यात विद्वानांनी भर घातली. कर्ज या अर्थाच्या 'डेट'मध्ये बी नव्हता, लॅटिनमध्ये आहे म्हणून इथेही बसवला. (पहिल्या नोकरीत मी तो साहेबांसमोर 'डेब्ट' असा ठणठणीत वाचला होता.)

आपण फार हसायचं कारण नाही. माझ्या आजीच्या पत्रात नांव, पांच, कांहीं असे अनुस्वार असत, कुणीही न उच्चारलेले. ते १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी गेले. इंग्रजीला असं महामंडळ मिळालं नाही इतकंच. आणि आपलं तरी सगळं लिहितो तसं कुठे असतं? 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, यातले दोन ज वेगळे आहेत, लिहिताना मात्र एकच. आपल्याला ते कळतं कारण दोन्ही शब्द आपण आईच्या मांडीवर ऐकलेले असतात.

या शेवटच्या वाक्यातच माझ्या म्हणण्याची कमकुवत बाजू आहे आणि ती लपवत नाही. इंग्लंडातलं पोर आवाज जोडून 'डक' वाचतं तेव्हा त्याच्या डोक्यात बदक पोहायला लागतं, कारण शब्द कानाला आधीच ओळखीचा. आमच्या पोराने 'स्नॅप' झकास वाचला, पण त्याचा अर्थ मलाच सांगावा लागला. नुसत्या आवाजांनी पोपट होईल, वाचक होणार नाही. कानावर इंग्रजी पडायला हवं: गोष्टी ऐकवणं, आपण वाचून दाखवणं, थोडंफार बोलणं. त्याला वेळ लागतो आणि त्याचा क्लास नसतो. आणि आवाजांनी न सुटणारे थोडे शब्द पाठच करावे लागतात, त्याला इलाज नाही. पण थोडे! सगळे नव्हेत.

मला खुपतं ते वेगळंच. ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांची पोरं फोनिक्सच्या क्लासला जाऊन आवाज शिकतात, आणि कितीतरी मराठी शाळांतली पोरं अजून सी ए टी कॅट घोकतात. मग दोघांची वही शेजारी ठेवून आपण म्हणतो, बघा, मराठी माध्यमामुळे इंग्रजी कच्चं राहिलं. माध्यमाचा इथे काय संबंध? उलट ज्याला वर्णमाला पक्की येते तो या शर्यतीत दोन पावलं पुढे उभा असतो. फक्त शर्यत कुठल्या दिशेला आहे ते त्याला कुणी सांगत नाही. सगळेच शिक्षक असं करतात असं नाही. आवाजांनी शिकवणाऱ्या जिल्हा परिषदेच्या एक बाई मला माहीत आहेत, त्यांच्या वर्गातली दुसरीची पोरं ऐकून मी गप्प झालो होतो.

म्हणून जावईबापू, विनंती आहे. ज्या भाषेत त्याला आत्ता वाचायला येऊ लागलंय, अजून नीट येत नाही, त्याच भाषेत जूनपासून त्याच्या आवडीचं गणित, विज्ञान, भूगोल सगळं कोंबू नका. पक्ष्यांची जी नावं त्याला येतात ती त्याला मूर्ख ठरवायला वापरली जातील. एक वर्ष द्या. रोज वीस मिनिटं, व्हिडिओ कॉलवर मी घेईन, माझं काही जात नाही. वर्षाने तुम्हाला अजूनही वाटलं तर खुशाल घाला, मी शब्दाने बोलणार नाही. (ताई हसत असेल. लेखी देतो.)

वहीवर लाल फुल्या करणाऱ्या गुरुजींशी भांडायला जाऊ नका. त्यांच्या वर्गात पन्नास पोरं आहेत. त्यांना फक्त विचारा की एस-के-यू-एल ला अर्धा गुण देता येईल का.

रविवारी सकाळच्या गाडीने मी येतोय. भाचेरावांना सांगा, झॉग सुखरूप आहे आणि त्याच्यासाठी एक बायको काढून आण, नाव त्यानेच ठेवायचं. आणि ते वहीतलं पान कुणी फाडू नका. मला हवंय.